डुक्कर फियाट आणि अस्सलपणा

आपल्या जुन्या पिढीला ‘डुक्कर फियाट’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यात ती १९५४ च्या सुमारास तयार होऊ लागली. गुबगुबीत, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. पुढे डिलाइट आली, १९७४ ला पद्मिनी. इंजिन मात्र तेच, १०८९ सीसीचे.

घोळ इथेच होतो. वडिलांच्या डिलाइटमध्ये पद्मिनीचे इंजिन कधी बसले, घरात कुणालाच आठवत नाही. मग गाडी ‘ओरिजिनल’ करायची म्हणजे कुठल्या सालापर्यंत मागे जायचे?

जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये तुरीनची सनद मंजूर केली. तिचा रोख असा, की आहे ते जपावे. बदल करावाच लागला तर तो पुन्हा काढता यावा आणि त्याची नोंद राहावी. (नोंदींचे महत्त्व सरकारी नोकराला वेगळे सांगायला नको!)

आमच्या बडोद्याच्या मिस्त्रींनी स्टिअरिंगवरचा गिअर खाली घ्यायला सुचवले. त्यासाठी तळाचा पत्रा कापावा लागणार होता, म्हणून नाही म्हटले. अल्टरनेटर मात्र बसवला. जुना डायनामो फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, वर तारखेची चिठ्ठी.