उसना आवाज

आज बोलायचं आहे ते एका अमेरिकन कार्टून मालिकेबद्दल. पण सुरुवात आपल्या मावळातूनच करतो.

मळवली स्टेशनावर उतरलेली माणसं भाज्याच्या लेण्यांकडे नाहीतर लोहगडाकडे निघतात. इथं एके काळी देशातला नामांकित छापखाना होता, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि काही वर्षांनी तो मळवलीला आणला. इथल्या लक्ष्मी आणि सरस्वती देशभरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. या छापखान्याचं काम करणारा एक तरुण शेजारच्या लोणावळ्यात स्वतःचा छापखाना चालवत होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

पुढं दादासाहेबांनी सिनेमा काढला, हे आपण जाणतोच. पण 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसांमागून दिवस, एकेक चौकट करत टिपली. नंतर काड्यापेटीतल्या काड्या अशाच एकेक चौकटीनं हलवून पडद्यावर नाचवल्या. कार्टूनचं मूळ तंत्र ते हेच. निर्जीव चित्राला हालचाल देता येते. आवाज मात्र कुणाचा तरी उसना घ्यावा लागतो. माझी आजची गोष्ट या उसन्या आवाजाची आहे.

'द सिम्प्सन्स' ही मालिका अमेरिकेत डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली. पिवळ्या रंगाची माणसं. आळशी पण जीव लावणारा बाप होमर, सोशिक आई मार्ज, द्वाड बार्ट, शहाणी लिसा आणि तोंडात चोखणी धरलेली मॅगी. पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बार्ट दहा वर्षांचा आणि लिसा आठचीच आहे. बापाची, मालकाची, पुढाऱ्याची आणि धर्मगुरूचीही या मालिकेनं भरपूर थट्टा केली. भाच्यानं तिचे काही भाग मला दाखवले, तेव्हा मीही पोट धरून हसलो होतो.

या गावात किराणा दुकान चालवणारा एक भारतीय आहे, अपू. हे नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या अपूवरून घेतलेलं. तो कष्टाळू आहे, संगणकशास्त्रातला डॉक्टर आहे. लेखकांनी त्याला बायको दिली आणि एकदम आठ मुलं दिली. आवाज मात्र दिला तो हँक अझारिया या गोऱ्या नटाचा, ओढूनताणून आणलेल्या 'भारतीय' हेलाचा. त्या काळात अमेरिकेतल्या टीव्हीवर भारतीय माणूस क्वचितच दिसे. मग शाळेतली पोरं भारतीय वर्गमित्राला अपूच्या हेलात चिडवू लागली. असं बालपण काढलेल्या हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला. आपल्याला ही मालिका आवडते, हेही त्यानं त्यात मोकळेपणानं सांगितलं. खरं तर २०१६ च्या एका भागात अपूच्याच पुतण्यानं हा प्रश्न काकाच्या तोंडावर विचारला होता.

उत्तर आलं ८ एप्रिल २०१८ च्या भागात. मार्जला आपल्या लहानपणचं आवडतं पुस्तक लिसाला वाचून दाखवायचं असतं. पण उघडून पाहते तर पानोपानी परक्या लोकांची हेटाळणी. ती ते सुधारून पाहते, तर गोष्टीत रामच उरत नाही. मग लिसा थेट प्रेक्षकांकडे वळते आणि म्हणते, पूर्वी ज्याचं कौतुक झालं ते आता खटकू लागलं, त्याला कोण काय करणार? तिच्या पलंगाशी अपूची तसबीर. झालं, विषय संपला!

राग यावा असं त्यात फार काही नव्हतं. पण निराशा झाली. अठ्ठावीस वर्षं भल्याभल्यांना प्रश्न विचारणाऱ्या मालिकेला स्वतःवरचा एक प्रश्न पेलला नाही. आणि खांदे उडवायला तिनं निवडलं ते लिसाला, म्हणजे घरात सगळ्यात आधी अन्याय दिसणाऱ्या मुलीला.

नट दुसऱ्याचं सोंग घेणारच, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. बालगंधर्व पुरुष होते, तरी त्यांची नेसण पाहून घरंदाज बायका आपली नेसण बदलत. कारण त्या सोंगात बाईची टवाळी नव्हती, अदब होती. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष, कारण बाई मिळेना. पण त्याच १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर उभ्या राहिल्या. अडचण खरी होती, पण ती सोडवायचा प्रयत्नही खरा होता.

माझंही एक सोंग सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला खानसाहेबाची भूमिका मिळाली. मी सरळ मराठीत बोललो, तर बसवणारे म्हणाले, "असं नाही, 'हम तुमकू बोल्या' असं बोल." मी बोललो. टाळ्या, शिट्ट्या, विचारू नका. अब्बा मागच्या रांगेत होते. परतताना बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "असं कोण बोलतं रे आपल्या घरात?" त्या हशाचा आनंद तिथंच ओसरला. आजही कविसंमेलनात कुणी प्रेमानं म्हणतं, "तुमचं मराठी किती छान हो!" मी आभार मानतो. मनात येतं, शेजारच्या जोशींना असं कुणी म्हणत नाही.

पुढं काय झालं? २०२० मध्ये अझारिया यांनी अपूचा आवाज द्यायचं थांबवलं आणि २०२१ मध्ये मोकळेपणानं माफीही मागितली. २०२० मध्येच मालिकेनंही ठरवलं, की गोऱ्या नटांनी इतर वर्णांच्या पात्रांना आवाज द्यायचा नाही. चांगलं झालं. पण त्यानंतर अपू दिसला तो मागच्या गर्दीत, मुका. उसना आवाज परत घेतला, त्याचा स्वतःचा काही दिला नाही. दुर्गाबाईंसाठी फाळक्यांनी जागा केली, तशी अपूसाठी अजून झालेली नाही.

अब्बांचा प्रश्न फार साधा होता. एखाद्या माणसाचं चित्र काढताना तो त्याच्या घरच्यांनाही विचारून पाहावा, इतकंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)