मतदार खोटं बोलले म्हणे! ब्रिटन, एप्रिल १९९२

निकाल लागल्यावर पहिल्या आठ दिवसांत लोक जे बोलतात ते कुठेतरी लिहून ठेवावं, या मताचा मी आहे. हरलेले काय म्हणाले, जिंकलेले काय म्हणाले, अंदाज चुकलेले काय म्हणाले. पाच वर्षांनी काढून वाचावं. आपल्याकडचं उदाहरण घेतलं की कमेंटमध्ये लगेच दोन तट पडतात आणि मूळ विषय बाजूला राहतो, म्हणून आज मुद्दाम लांबचं घेतो. ब्रिटन, ९ एप्रिल १९९२.

आधी परिस्थिती बघा. हुजूर पक्ष १९७९ पासून सलग सत्तेत. थॅचरबाईंना त्यांच्याच पक्षाने नोव्हेंबर १९९० मध्ये घालवलं होतं आणि जॉन मेजर पंतप्रधान झाले होते. सर्कशीत काम केलेल्या माणसाचा हा मुलगा, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. देशात मंदी. २५ लाखांहून जास्त बेकार. कर्जाचे हप्ते थकले म्हणून बँका लोकांची घरं ताब्यात घेत होत्या. त्यात थॅचरबाईंच्या डोईपट्टीचा (तिकडे पोल टॅक्स म्हणत) राग अजून निवला नव्हता. अशा वेळी सरकार परत येईल असं कोण म्हणेल? मतदानाच्या तोंडावर आलेल्या शेवटच्या चाचण्यांची सरासरी काढली तर नील किनॉक यांचा मजूर पक्ष एखाद्या टक्क्याने पुढे. मतदान संपल्यावर दोन्ही मोठ्या वाहिन्यांचे एक्झिट पोल आले, तेही त्रिशंकू पार्लमेंट सांगत होते.

मग रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास बॅसिल्डनचा निकाल आला. लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात महायुद्धानंतर वसवलेलं हे गाव. वस्ती बहुतांश कामगारांची, घरं सरकारी. मजूर पक्ष जिंकणार असेल तर ही जागा त्यांना मिळायलाच हवी होती. हुजूर पक्षाचे डेव्हिड एमेस १,४८० मतांनी निवडून आले. टीव्हीवर त्यांचं ते रुंद हसू दिसलं आणि जाणकारांना तिथेच कळलं की हवा पालटली आहे.

अंतिम आकडे असे: हुजूर ३३६, मजूर २७१, लिबरल डेमोक्रॅट २०. मतांत हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढे. त्यांना पडलेली मतं १ कोटी ४० लाखांच्या वर. एवढी मतं ब्रिटनमध्ये कुठल्याच पक्षाला त्याआधी पडली नव्हती, नंतरही पडलेली नाहीत. गंमत म्हणजे एवढी मतं पडूनही बहुमत फक्त २१ चं. त्याच निकालात हुजूर पक्षाचे अध्यक्ष क्रिस पॅटन, ज्यांनी प्रचार चालवला, ते स्वतः बाथमधून पडले. पुढे ते हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर झाले.

आता प्रतिक्रियांकडे येऊ.

सगळ्यात गाजली ती 'द सन'ची. या पेपरने मतदानाच्या दिवशी किनॉक यांचं डोकं विजेच्या दिव्यात बसवून छापलं होतं आणि वर मजकूर असा की, आज हे जिंकले तर देश सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे घालवावेत. ११ एप्रिलला त्यांनी फुशारकी मारली, निवडणूक जिंकली ती 'सन'ने! पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला हा मथळा वर्तमानपत्राच्या ताकदीचा नमुना म्हणून दाखवला होता. पोरं भारावून गेली होती. पेपर काढला की सरकार बनतं, असं वाटायचं. खुद्द मालक रूपर्ट मर्डोक यांनी २०१२ साली लेव्हसन चौकशीसमोर मात्र सांगितलं की तो मथळा असभ्य होता, चुकीचा होता आणि त्याबद्दल संपादकाला आपण चांगलंच फैलावर घेतलं होतं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, कारण तेव्हा ते घडलं नव्हतं.

पण त्या आठवड्यात किनॉक यांनाही तोच मथळा खरा वाटला. १३ एप्रिलला पद सोडत असल्याचं जाहीर करताना त्यांनी हुजूर पक्षाला साथ देणाऱ्या वर्तमानपत्रांवर खापर फोडलं. त्यासाठी त्यांनी लॉर्ड मॅकअल्पाइन यांचाच दाखला दिला. हे मॅकअल्पाइन हुजूर पक्षाचे जुने खजिनदार, आणि त्यांनीच टॅब्लॉइडच्या संपादकांना या विजयाचे शिल्पकार म्हटलं होतं. म्हणजे हरलेला आणि जिंकलेला, दोघांचंही एकमत. दोघांच्याही सोयीचं होतं ते. अभ्यासकांनी पुढे मतदारांची आकडेवारी तपासली, तेव्हा पेपरांचा निर्णायक परिणाम काही त्यांना दिसला नाही.

दुसरी प्रतिक्रिया चाचण्या घेणाऱ्यांची. मतदार आमच्याशी खोटं बोलले! यातून 'लाजरा हुजूर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. मत हुजूर पक्षाला द्यायचं पण विचारणाऱ्यासमोर कबूल करायचं नाही, कारण त्या पक्षाला मत देणं म्हणजे स्वार्थी, असं वातावरण. यात तथ्य होतंच. पण मार्केट रिसर्च सोसायटीने चौकशी नेमली आणि १९९४ मध्ये अहवाल आला, त्यात तीन कारणं निघाली. काही लोकांनी शेवटच्या क्षणी मत बदललं, काहींनी मनातलं सांगितलं नाही. आणि तिसरं, ज्यावर कोणी फार बोलत नाही, ते असं की विचारायला माणसंच चुकीची निवडली होती. कुठल्या वर्गातले किती जण घ्यायचे, हा कोटा जुन्या माहितीवर बांधलेला. दरम्यान देश बदलला होता. १९८० च्या कायद्यानंतर सरकारी घरात राहणाऱ्या दहा लाखांहून जास्त कुटुंबांनी आपली घरं विकत घेतली होती. चाचणीवाल्यांच्या कागदावर मात्र कामगारवर्ग जुन्याच प्रमाणात होता.

हे वाचून हसू नका. आम्ही तालुक्याचे बातमीदार काय करतो? स्टँडवर जातो, टपरीवर चहा घेतो, चार जणांना विचारतो आणि 'मतदारसंघात हवा कोणाची' हे लिहून मोकळे होतो. टपरीवर बाई नसते. मळ्यात गेलेला माणूस नसतो. पहिल्या पाळीला एमआयडीसीत गेलेलं पोरगं नसतं. निकाल फिरला की आम्हीही म्हणतो, लोकांनी तोंडावर एक सांगितलं आणि केलं भलतंच.

तिसरी प्रतिक्रिया विद्वानांची. लागोपाठ चार पराभव झाल्यावर, मजूर पक्ष आता कधी जिंकेल का, हाच प्रश्न सुरू झाला. मजूर पक्षाची ही शेवटची संधी होती का, असं शीर्षक असलेलं जाडजूड अभ्यासाचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. त्याच वर्षी आणखी एक पुस्तक आलं, ब्रिटनचा जपान होतोय का, म्हणजे कायम एकाच पक्षाची सत्ता राहणार का, अशा आशयाचं. ते छापून येईपर्यंत खुद्द जपानमध्ये अडतीस वर्षं राज्य केलेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९९३ मध्ये सत्तेबाहेर गेला होता.

जिंकलेल्यांचं बघा. १० एप्रिलला लंडनचा शेअर बाजार उसळला. (त्याच महिन्यात आपल्या बाजारातला हर्षद मेहताचा फुगा फुटला, पण तो वेगळा विषय.) त्याच संध्याकाळी आयआरएने लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजपाशी स्फोट घडवला, तीन माणसं मेली, आणि जल्लोष चोवीस तासही टिकला नाही. तरी सरकारचा आत्मविश्वास भलताच वाढला. एवढ्या मंदीत लोकांनी निवडून दिलं म्हटल्यावर कारभार आपल्याच हाती सुरक्षित असं लोक मानतात, हा त्यांनी काढलेला अर्थ. पाचच महिन्यांनी, १६ सप्टेंबर १९९२ ला, पाउंड कोसळू लागला. तो सावरायला एका दिवसात व्याजदर १० वरून १२ आणि मग १५ टक्के करण्याची घोषणा झाली, आणि संध्याकाळी हात टेकून युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं. पैसा आम्हालाच कळतो, हा हुजूर पक्षाचा लौकिक त्या एका दिवसात गेला. एप्रिलमध्ये जिंकले नसते तर हा बुधवार किनॉक यांच्या नावावर लागला असता, हे मजूर पक्षाच्या लोकांनी नंतर मनात म्हटलं असणारच!

स्कॉटलंडची प्रतिक्रिया सगळ्यात वेगळी आणि माझ्या मते सगळ्यात दूरवर पोचलेली. तिथल्या ७२ जागांपैकी हुजूर पक्षाला मिळाल्या ११, आणि तरी राज्य त्यांचंच. आम्ही ज्यांना नाकारतो तेच आमच्यावर राज्य करतात, ही भावना तिथे आधीपासून होती, आता ती रस्त्यावर आली. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये सभा झाल्या. डिसेंबरमध्ये एडिंबरामध्ये युरोपचे नेते जमले तेव्हा हजारोंचा मोर्चा निघाला. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधून हुजूर पक्षाचा एकही खासदार आला नाही आणि त्याच सप्टेंबरात तिथल्या लोकांनी स्वतःच्या पार्लमेंटसाठी ७४ टक्के कौल दिला.

राहता राहिले मजूर पक्षातले ते थोडे लोक ज्यांनी पेपरवाल्यांना आणि मतदाराला शिव्या देण्यात वेळ घालवला नाही. जाइल्स रॅडिस नावाचे खासदार होते. उत्तरेकडच्या डरहॅमचे, म्हणजे पक्षाच्या बालेकिल्ल्यातले. फेबियन सोसायटीसाठी त्यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या स्लाऊ, हार्लो, स्टीव्हनेज अशा जागांवरच्या कुंपणावरच्या मतदारांना बोलतं केलं आणि सप्टेंबर १९९२ मध्ये 'सदर्न डिसकम्फर्ट' ही पुस्तिका काढली. ज्याने चार पैसे कमावले, घर घेतलं, त्याला मजूर पक्ष आपला वाटत नव्हता. हा पक्ष गरिबांचा आणि युनियनचा, आपल्या पुढे जाण्याच्या आड येणारा, असं त्याचं मत. टोनी ब्लेअर यांनी १९९६ च्या अधिवेशनात अशाच एका माणसाची गोष्ट सांगितली. १९९२ च्या प्रचारात तो आपली फोर्ड सिएरा पुसत उभा होता. बाप मजूर पक्षाचा, तोही आधी त्याच पक्षाचा. आता स्वतःचं घर आहे, बरं चाललंय, म्हणून हुजूर पक्षाला मत. ब्लेअर म्हणाले, हरण्याचं कारण मला तिथेच कळलं.

ब्लेअर यांनी पुढे पक्षाचं जे केलं ते सगळं मला पटत नाही. मतदाराचं ऐकणं आणि पक्षाचा कणाच काढून ठेवणं यात फरक आहे. इराकच्या वेळी तर तो चांगलाच दिसला. पण ऐकायला गेले, हे मान्य करावं लागतं. १ मे १९९७ ला मजूर पक्ष ४१८ जागांवर पोचला, हुजूर पक्ष १६५ वर आला. बॅसिल्डनही मजूर पक्षाकडे गेलं. एमेस त्याआधीच शेजारच्या साउथएंड वेस्टला जाऊन उभे राहिले होते, म्हणून वाचले. आणि 'सन'? त्यांनी मार्चमध्येच ब्लेअर यांना पाठिंबा जाहीर करून टाकला होता.

हेच सगळं २०१५ मध्ये पुन्हा झालं. चाचण्या बरोबरीच्या, निकाल कॅमेरून यांच्या बाजूने. एक्झिट पोल खरा ठरला तर आपली टोपी खाईन, असं लिबरल डेमोक्रॅटांचे पॅडी अ‍ॅशडाउन टीव्हीवर बोलून बसले. पुन्हा 'लाजरा हुजूर' आठवला. पुन्हा चौकशी झाली, या वेळी प्राध्यापक पॅट्रिक स्टर्गिस यांच्या अध्यक्षतेखाली, आणि मुख्य कारण पुन्हा तेच निघालं की नमुन्यात माणसं चुकीची होती. मग २०१७ ला बऱ्याच संस्थांनी ती चूक सुधारली. इतकी सुधारली की हुजूर पक्षाची आघाडी भरपूर वाढवून दाखवली. यूगोव्हच्या एका वेगळ्या पद्धतीच्या गणिताने त्रिशंकू येईल असं सांगितलं तेव्हा त्यांची टिंगल झाली. निकालाच्या दिवशी थेरेसा मे यांचं बहुमत गेलेलं होतं.