दरवाजा एक, हिशेब अनेक

शहाड स्टेशनवरून कल्याणकडे निघालं की रेयॉन कारखान्याची चिमणी मागे पडते आणि नव्या टॉवरांची रांग सुरू होते. त्यातल्या काहींचे नकाशे माझ्या हातून गेले आहेत. माझे अब्बा सुतार. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांचं आयुष्य गेलं. मी रंधा सोडून माऊस धरला, एवढाच काय तो फरक. आजचा लेख त्या दोन्हींच्या मधल्या एका गोष्टीविषयी आहे.

दोन वर्षांपूर्वी एका इमारतीच्या आतल्या दरवाज्यांचं काम होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. मॉडेल रेव्हिटमध्ये होतं. हे सॉफ्टवेअर २००० साली बाजारात आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं. आपण काढतो त्या प्रत्येक वस्तूची ते स्वतः मोजणी ठेवतं. दरवाजा एकदा काढला की नकाशावर त्याची चिठ्ठी लागते, तिला टॅग म्हणतात. सगळ्या दरवाज्यांची यादी आपोआप तयार होते, ते शेड्यूल. माझ्या यादीत साधी ओळ होती : डी-१, ९६ नग. मी समाधानाने ती पाठवून दिली.

महिन्याभराने साइटवरचे मिस्त्री भेटले. अब्बांच्या जुन्या ओळखीचे, मी त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी मोबाइलवर माझीच यादी दाखवली. म्हणाले, "बेटा, तुझ्या कागदात दरवाजा उभा आहे. पण तो लटकलाय कशावर, ते कुठे लिहिलंस?"

एका दरवाज्याला तीन बिजागऱ्या. ९६ दरवाज्यांना २८८. शिवाय कुलूप, कडी, स्टॉपर. माल आला होता, चाचांच्या माणसांनी बसवलाही होता. पण बसवणावळ यादीप्रमाणे ठरलेली, आणि यादीत यातलं काहीच नव्हतं. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं : कागदावर नाही, त्याचे पैसे नाहीत.

बिजागरी मॉडेलमध्ये होती, दिसतही होती. मग यादीत का नव्हती? रेव्हिटमध्ये दरवाजा ही एक फॅमिली असते. तिच्या पोटात चौकट, शटर, बिजागरी अशा छोट्या फॅमिली बसवता येतात. पण पोटातल्या वस्तूच्या फॅमिलीत 'शेअर्ड' नावाच्या खुणेवर टिक नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती आईच्या पोटातलीच राहते. तिला वेगळी चिठ्ठी लागत नाही, वेगळी मोजणीही होत नाही. टिक केली, फॅमिली पुन्हा चढवली, की तीच बिजागरी स्वतःच्या नावाने यादीत येते. (उत्साहाच्या भरात शटरलाही दरवाज्याच्याच वर्गात ठेवून शेअर्ड केलं तर ९६ चे १९२ दरवाजे होतात. हेही मी करून बसलो आहे.)

ही टिक मी केली नव्हती. चूक माझी होती आणि पैसे चाचांचे अडकले होते.

त्या रात्री 'आईन-ए-अकबरी' काढली. अबुल फझलचा हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. आपल्याकडे तो दरबार, धर्मचर्चा आणि महसूल यांच्यासाठी वाचला जातो. त्यातली इमारतीवरची प्रकरणं फारशी कुणी उघडत नाही. तिथे सामानाचे भाव आहेत, मजुरीचे दर आहेत, लाकूड तासताना किती भुसा-ढलपी वाया जाते त्याचा अंदाज आहे, आणि ७२ जातींच्या लाकडांचं वजन करून मांडलेला तक्ता आहे. भाव दामांत. ४० दामांचा एक रुपया.

माझी नजर दरवाज्यापाशीच अडकली. अबुल फझल 'दरवाजा, एक नग' लिहून मोकळा होत नाही. दाराच्या इराणी कड्या, कल्हई केलेल्या, मोठ्या असतील तर ८ दाम जोडी, लहान असतील तर ४. त्याच हिंदुस्थानी घडणीच्या साडेपाच. रुंद डोक्याचे गुलमेख खिळे १२ दाम शेर. स्क्रू आणि नट वेगळे, साधे आणि कल्हईचे वेगळे. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं शेअर्ड.

मजुरीचं तर त्याहून बारीक आहे. सुताराच्या पाच प्रती, ७ दामांपासून २ दामांपर्यंत. जाळीकाम करणाऱ्याला चौरस गजावर पैसे, पण दर जाळीच्या नक्षीप्रमाणे. तुकडे बांधून केलेली जाळी बारा कोनांची असेल तर २४ दाम, षट्कोनी असेल तर १८, बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनी असेल तर १२. आणि न बांधता पट्ट्या एकमेकींत घट्ट गुंफलेली असेल तर पहिल्या प्रतीला ४८. जागा तेवढीच, खिडकी तेवढीच. पण किती तुकडे किती कोनांत जुळवावे लागले, ते लेखनिकाने बघितलं होतं. जाळीला 'एक नग' म्हटलं असतं तर कारागिराचं निम्मं कसब हिशेबाबाहेर गेलं असतं.

अर्थात, हा बादशाही दफ्तराचा कागद आहे. दर लिहिले म्हणून प्रत्येकाच्या हातात तेवढे दाम पडले असतील, असं मी मानत नाही. माझ्याही यादीत सगळं आलं तरी बिल वेळेवर निघतं असं नाही. शिवाय आईनमध्ये सुताराला प्रत आहे, नाव नाही.

नाव आपल्या महाराष्ट्रात सापडतं, तेही दरवाज्यावरच. औरंगाबादचा बीबी का मकबरा दिलरस बानू बेगम यांच्यासाठी बांधला. त्यासाठी संगमरवर घेऊन जाणाऱ्या सुमारे ३०० गाड्या फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याला सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना दिसल्या. खर्चाचा जो आकडा सांगितला जातो तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे. वरचे ७ आणे मला नेहमी आवडतात, कुणीतरी शेवटचा खिळाही मोजलेला असावा. मुख्य प्रवेशद्वाराच्या पितळ मढवलेल्या दारावर लेख आहे : वास्तुकार अताउल्लाह, अभियंता हंसपतराय. अताउल्लाह हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. मुघल इमारतींना एकाच धर्माच्या खात्यात टाकणाऱ्यांनी हे दार एकदा जवळून बघावं. दारातून आत जाताना लोक समोरच्या घुमटाकडे पाहतात, दाराकडे नाही. मीही पहिल्यांदा पाहिलं नव्हतं.

पण त्या दाराचं पितळ ठोकणारा, बिजागऱ्या बसवणारा त्या लेखातही नाही.

दुसऱ्या दिवशी मी फॅमिली दुरुस्त केली. अर्ध्या तासाचं काम. बिजागरी, कुलूप, कडी वेगवेगळ्या ओळींत आल्या, मजल्याप्रमाणे. यादीला मी बसवणावळीचा एक रकाना जोडला. ठेकेदाराने कुरकुर केली, वरच्या मजल्यांचे पैसे दिले. आधी झालेल्या दोन मजल्यांचे दिले नाहीत, ते आजतागायत नाहीत.

पुढच्या कामाची यादी मी छापून आधी चाचांकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि एकेक ओळ टिक करत खाली आले. शेवटी पेन्सिल कागदावर आपटली.

"बाथरूमच्या दाराचे स्टॉपर कुठायत?"