लिंबाचें जाणें, मिरचीचें येणें

पनवेलच्या खाडीकांठीं मासळीस मीठ, हळद, लिंबू व हिरव्या मिरचीचें वाटण लावून ती मुरवितात. दूर जमैकांतील ‘जर्क’ मसाल्यांतही मिरचीस बहुधा लिंबाची जोड असते. ती रीत गुलामगिरींतून निसटून डोंगरांत राहिलेल्या मरून लोकांची. हें साम्य निव्वळ योगायोग नव्हे. लिंबाचें कूळ आशियांतलें. १४९३ सालच्या दुसऱ्या सफरींत कोलंबसानें त्याचें बीं कॅरिबियन बेटांत नेलें. मिरची मूळची अमेरिकेची. ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आमच्या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वीं आमचें तिखट मिऱ्यांचें होतें. ‘मिरची’ या नांवांतच त्यांची आठवण उरली आहे. मग स्वदेशी कोणतें नि परकें कोणतें? आम्हांस वाटतें, शुद्धतेचा अभिमान मिरविणारांनीं आधीं आपल्या घरचा पाटा तपासून पाहावा.