मुलाच्या अंथरुणाचा इतिहास

आमच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली-स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा व शाळेच्या वाढीचा वृत्तान्त वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्हीं येथें एका साध्या वस्तूचा, म्हणजे लहान मुलाच्या अंथरुणाचा, थोडा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु पौषाच्या थंडींत अहमदनगर जिल्ह्याच्या उघड्या माळावर ज्यांनीं रात्र काढली आहे, त्यांस तो तसा वाटणार नाहीं.

आपल्या खेड्यांत अंथरूण-पांघरूण दुकानांतून आणण्याची चाल पूर्वीं फारशी नव्हती. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक घालून बायका गोधडी शिवीत. घोंगडें धनगराकडून येई. गरिबाच्या घरीं एका गोधडींत तीन-चार भावंडें निजत. माझें स्वतःचें अंथरूण, असें म्हणण्याचा प्रसंग पुष्कळ मुलांस मिशनच्या बोर्डिंगांत वळकटी घेऊन आल्यावरच प्रथम येत असे.

हीच गोष्ट कानडा देशांतील टोरांटो शहरच्या मरे व मार्गारेट ड्रायडन या दांपत्यानें मनावर घेतली. बर्फावरील हॉकींत नांव मिळविलेले गोलरक्षक केन व डेव्ह ड्रायडन हे त्यांचेच पुत्र. त्यांनीं ‘स्लीपिंग चिल्ड्रेन अराउंड द वर्ल्ड’ ही संस्था काढली, आणि तिचें पहिलें वाटप १९७० सालीं झालें तें आपल्या शेजारच्या पुण्यांत! पन्नास मुलांस पन्नास अंथरुणें. त्या वेळीं अहमदनगर जिल्हा पुणें धर्मप्रांतांतच होता (नाशिकचा धर्मप्रांत १९८७ चा), म्हणून ही गोष्ट आम्हांस घरचीच वाटते.

संस्थेची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. अंथरुणाचें सामान जहाजानें धाडीत नाहींत. ज्या देशांत वांटावयाचें, तेथेंच तें शिवून व विकत घेऊन गोळा करितात. त्यामुळें तेथल्या शिंप्याच्या पदरीं दोन पैसे पडतात, आणि गांठोड्यांत काय असावें हें तेथलेच लोक ठरवितात. स्वयंसेवक वाटपास जातात ते स्वतःच्या खर्चानें. देणगी सबंध अंथरुणासाठींच जाते. कचेरीचा खर्च निराळ्या निधींतून भागवितात. मार्गारेटबाई १९८५ सालीं व मरेसाहेब २००४ सालीं निवर्तले. अंथरुणांची संख्या २००९ सालीं दहा लक्षांवर गेली.

पुण्याहून निघालेलें हें काम पुढें केनया, युगांडा, टांझानिया, टोगो येथील खेड्यांत पोहोंचलें. तेथें गांठोड्यांतील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे मच्छरदाणी. हिंवताप डांसाच्या द्वारें पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं आपल्याच देशांत, सिकंदराबादेस मिळाला. तरी आजही हिंवतापाच्या जगांतील शंभर मृत्यूंपैकीं सुमारें पंचाण्णव आफ्रिकेंत होतात, आणि त्यांतील बहुतेक पांच वर्षांखालील मुलांचे. तो डांस रात्रीं चावतो. तेव्हां अंथरूण हें तेथें नुसत्या उबेचें साधन नव्हे.

एक गोष्ट मात्र आमच्या मनास थोडी खुपते. प्रत्येक मुलास त्याच्या अंथरुणासह बसवून, देणाऱ्याच्या नांवाची चिठ्ठी पुढें ठेवून छायाचित्र काढितात व तें देणाऱ्याकडे पाठवितात. आपला पैसा खरोखर पोहोंचला याची ही पावती होय, आणि हिशेबाच्या कामीं ती निर्दोष आहे, हें आम्हीं मान्य करितों. पण दान गुप्त असावें अशी शिकवण ज्यांस मिळाली, त्यांस त्या चिठ्ठीकडे पाहून क्षणभर थांबावेंसें वाटेल. घेणाऱ्या मुलाचें नांव छायाचित्रांत कोठें दिसत नाहीं, दात्याचें दिसतें. हें उलट असतें तर बरें होतें, असें आमचें मत आहे. तरी चिठ्ठीवांचून त्यांतील किती गाद्या शिवल्या गेल्या असत्या, हाही प्रश्न उरतोच.

आतां थोडें जवळ येऊं. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या भागांतील साखर-कारखान्यांकडे निघतात. आईबाप पहांटे फडांत जातात, आणि लहान मुलें कोपींत, पुष्कळदां पाचटावर घातलेल्या एका फाटक्या वाकळेवर, निजलेलीं असतात. यांच्या गोधडीसाठीं टोरांटोहून कोणी येण्याची वाट पाहावयास नको. आमच्या धर्मग्रामांतील भगिनींच्या हातीं सुई आहे आणि प्रत्येक घरीं जुनीं लुगडीं आहेत. हंगाम चैत्राच्या आसपास संपतो. पौषाची थंडी त्याच्या ऐन मध्यावर येते.