दप्तर, रुमाल आणि लेखांक

पेशवाईतील कारकून दिवसाचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत नोंदवी, तीवरून खतावणी करी आणि अखेरीस ताळेबंद काढी. तिन्ही कागद निरनिराळे असल्यामुळे ताळेबंदात खोट दिसल्यास मूळ नोंदीपर्यंत मागे जाता येई. इतिहाससाधनांच्या छपाईत मात्र ही सोय सर्वत्र राहिली आहे, असे म्हणवत नाही.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरांतील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त कालक्रमाने लावली. आपले निवेदन त्यांनी पत्रांपासून वेगळे ठेवले आणि लेखांक एका भागातून पुढील भागात अखंड चालविले. राजवाड्यांच्या 'साधनां'त प्रत्येक खंडाचा क्रम पुन्हा एकापासून सुरू होतो. खंडाचा आकडा गळाला की निर्देश निरुपयोगी ठरतो. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते खरी!

रुमालाचा क्रमांक कागद कोठे आहे एवढेच सांगतो, आणि कागद तर स्थलांतर करतात. पारसनीसांचा संग्रह साताऱ्यास 1925 साली संग्रहालयात मांडला गेला. 1939 मध्ये तो पुण्यास डेक्कन कॉलेजात आला. म्हणून स्थळाशी न बांधलेला लेखांक आवश्यक ठरतो.

भाषाभ्यासकास याहून मोठा धोका आहे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळलेला नसतो. छापील बालबोध पाठात तो दिसतो, तो संपादकाने घातलेला असतो. त्या पाठावरून अठराव्या शतकातील स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घत्वाविषयी अनुमान काढणारा विद्यार्थी वस्तुतः संपादकाचीच लेखनपद्धती मोजीत बसतो. उपलब्ध पुराव्यावर असे कोष्टक उभारलेले प्रबंध विरळा नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आज हेच काम संगणकावर होते. तेव्हा प्रत्येक प्रकल्पात मोडी कागदांची छायाचित्रे एका फोल्डरात ठेवावीत व त्यांस पुन्हा हात लावू नये. लिप्यंतर दुसऱ्यात, शब्दगणना व कोष्टके तिसऱ्यात असावीत. लेखांक मात्र तिन्ही ठिकाणी एकच. लिप्यंतरात संपादकाने भरलेला प्रत्येक स्वर चौकटी कंसात दाखवावा. फोल्डरांची नावे विभागातील सर्व प्रकल्पांत सारखीच असावीत. कारण एकाने सोडलेले काम पुढे दुसराच विद्यार्थी उचलतो, आणि 'अंतिम', 'नवे अंतिम' अशा नावांवरून त्यास काहीच बोध होत नाही. सोबत एक साधी टीप असावी : कोणता कागद, कोणत्या दप्तरातील, कोणी व केव्हा वाचला.