ढोपर आणि पेन्शन

पाऊस कधी येणार हे सांगायला आमच्या घराला वेधशाळेची गरज कधी पडली नाही; आमच्याकडे बाबांचे ढोपर होते. मालवणच्या घरी ओटीवर बसल्या बसल्या ते डावे ढोपर दाबून धरीत आणि आईला हाक मारून सांगत, "लाकडां भितर घे गो." दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यामागून ढग चढून आलेच म्हणून समजा. त्या ढोपरात तोफगोळ्याची एक कपची १९४४ पासून मुक्कामाला होती.

बाबा मराठा पलटणीचे शिपाई. इटलीच्या ज्या मोहिमेत आपल्या कोकणातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे घेतले, त्यात प्राण दिला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच मोहिमेत बाबा जखमी झाले. तिथल्या लष्करी इस्पितळाबद्दल मात्र त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. नवीनच निघालेले पेनिसिलिन, पांढऱ्या चादरी आणि वेळेवर चहा! "तसो चहा तुझ्या आवशीनपण कधी दिल्यान नाय," असे ते आईच्या देखत म्हणत आणि मग दोन दिवस त्यांना चहा मागून घ्यावा लागे.

मी पुढे इतिहासाचा मास्तर झालो, तेव्हा या पांढऱ्या चादरींची किंमत मला कळली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी लढल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना विनास्प्रिंगच्या खटाऱ्यांतून खडबडीत वाळवंटातून आणले आणि नदीतल्या बोटींवर कोंबून बसऱ्याकडे पाठवले. मोडक्या हाडांना प्रत्येक धक्का कसा बसला असेल, ते तो सोसणाऱ्यालाच ठाऊक! एप्रिल १९१६ मध्ये कूत-अल-अमारा पडले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. १९१७ साली त्याचा अहवाल बाहेर पडला, तेव्हा वैद्यकीय व्यवस्थेची लक्तरे वेशीवर टांगली गेली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच साली अपंग सैनिकांना धंदा शिकवणारी क्वीन मेरीज संस्था मुंबईत निघाली; ती पुढे खडकीला गेली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. म्हणजे एका युद्धातल्या हेळसांडीतून सरकार शिकले आणि त्याचा लाभ दुसऱ्या युद्धातल्या जखमींना झाला, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

पण हे शिकणे युद्ध संपेपर्यंतचेच. त्या महायुद्धात पंचवीस लाखांहून अधिक हिंदी जवान लढले. युद्ध संपताच लाखोंना घरी पाठवण्यात आले, त्यांत १९४६ साली बाबाही होते. पेन्शन मिळण्याइतकी नोकरी झालेली नव्हती, आणि कोणा एका बोर्डाने ढोपर 'बरे' ठरवले. हातात थोडे पैसे, छातीवर पदके आणि डिस्चार्जचा कागद घेऊन ते मालवणच्या धक्क्यावर उतरले.

मी बारा वर्षांचा असताना, दिवाळी आटोपल्यावर, ते मला घेऊन बोटीने मुंबईला गेले. ढोपर फार सुजले होते. पडावातून बोटीवर चढताना त्यांना दोघांनी उचलून घेतले, आणि त्याची त्यांना शरम वाटली हे मला दिसले. मुंबईत एका मोठ्या इस्पितळाच्या खिडकीशी आम्ही उभे राहिलो. इस्पितळाचे नाव कशाला सांगू? आतल्या कारकुनाने पेन्शन बुक मागितले. बाबांनी डिस्चार्जचा कागद पुढे केला.

"हे नव्हे. पेन्शन आहे का?"

"नाय."

"मग सिव्हिलात जा."

कारकून उर्मट नव्हता. नियम होता तो त्याने सांगितला. बाबा पायरीवर जरा टेकले, कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले, "चल, तुका राणीची बाग दाखवतंय." सगळी बाग ते लंगडत फिरले. मी हत्ती पाहिला. त्यांनी काय पाहिले, कोण जाणे.

आता नाण्याची दुसरी बाजू. माझे काका नौदलात गेले आणि पंधरा वर्षे पुरी करून पेन्शनीसह परतले. तरी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात जागा मिळे ती शिल्लक असली तर. आणि ती रुग्णालये मुंबईला नाहीतर गोव्यात. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. देशभर तिचे सव्वादोनशेच्या वर दवाखाने ठरले, पुढे ते चारशेच्या वर गेले. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ होती. काकांच्या हृदयाचे ऑपरेशन याच योजनेतून झाले, खिशातला पैसा न मोडता. "ह्या कार्डार माझो जीव आसा," असे ते म्हणतात, आणि ते अक्षरशः खरे आहे.

पण तेच काका कधी पहाटेची एसटी धरून दवाखान्यात जातात आणि 'औषध शिल्लक नाही' हे ऐकून दुपारी परत येतात. एकदा एका खासगी रुग्णालयाने सरकारकडून बिले थकल्याचे सांगून कार्ड परत केले. महालेखापालांच्या २०१५ च्या अहवालातही या योजनेतल्या औषधटंचाईवर बोट ठेवलेले आहे. काकांचा निकाल असा: "योजना बरी आसा, पण औषध व्हया."

योजनेचे दारही पेन्शनच्याच बिजागरीवर टांगलेले होते. महायुद्धातल्या बिनपेन्शनी सैनिकांसाठी ते उघडले मार्च २०१९ मध्ये. १९४५ साली जो वीस वर्षांचा होता, तो तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचा! किती जण त्या दारापर्यंत चालत गेले असतील? बाबा तर १९९९ सालीच गेले.

वर्गात मी सभासदाची बखर शिकवीत असे. अफजलखानाच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले, असे सभासद सांगतो. नोकरी किती वर्षे झाली, ते विचारल्याचे तो सांगत नाही. एकदा हे मी घरी बोललो, तेव्हा बाबा हसून म्हणाले, "म्हाराजांच्या वक्ताक असतंय तर माका पन्नास होन तरी गावले असते."

नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडायचे ते डाव्या पायाने. बाबांना ते जड जाई, पण उजवा पाय त्यांनी कधी पुढे केला नाही. एका हाताने वृंदावन धरून, दात आवळून ते कारीट फोडीत. आता तो मान काकांचा आहे. नव्वदी गाठलेले काका यंदाही फोडतील, आणि दिवाळी सरली की औषध आले का ते पाहायला पहाटेची एसटी धरतील. मीही सोबत जाणार आहे.